पापुद्र्यावरचा अंगठा

डिंकमास्तर गेले, आणि सहाव्या दिवशी सकाळी काचेवरून सोललेल्या पहिल्याच पापुद्र्याच्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा उमटलेला होता.

ठसा अगदी स्पष्ट होता, वळी न् वळी मोजून घ्यावी असा, आणि मधोमध एक तिरकी रेघ. मास्तर लहान असताना पत्र्याच्या डब्याने अंगठा कापला होता, त्याची ती खूण. बायकोला ती ओळखायला चष्मा थोडाच लागणार होता? सत्तावीस वर्षं त्याच अंगठ्याने तिच्या कपाळावरची बट मागे सारली होती. दिवसभर पाण्यात हात, त्यामुळे तो अंगठा भर उन्हाळ्यातसुद्धा गार असायचा. "अहो, काय मेलं हे, बर्फ लावताय का?" असं ती दर वेळी म्हणायची, आणि कपाळ मात्र बाजूला घ्यायची नाही.

कारखान्यात तिला सगळे मास्तरीण म्हणायचे. शाळेशी दोघांचंही फारसं जमलं नव्हतं, पण तो डिंक घोटण्यात मास्तर, म्हणून ही मास्तरीण. लोकांना काय, टोपणनाव पाडायला निमित्तच हवं असतं. तर ही मास्तरीण तो पापुद्रा उजेडाकडे धरून उभी राहिली. मग तिने इकडेतिकडे पाहिलं, कात्री घेतली, कोपरा कापला आणि चोरासारखा झटकन ॲप्रनच्या खिशात टाकला.

आता हा पापुद्रा म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मूठभर जवस पाण्यात भिजवून बघा. थोड्या वेळात दाण्यादाण्याभोवती बुळबुळीत आवरण फुगतं. बी ते आपल्या कोंबासाठी करतं. ओल धरून ठेवायची, मातीला चिकटून राहायचं, आणि काम होईपर्यंत काही झालं तरी सोडायचं नाही. केमिस्टबाई त्याला पॉलिसॅकराइड म्हणायच्या, बाकी सगळे डिंक म्हणायचे. हा डिंक कोमट पाण्यात सोडवायचा, कापडातून गाळायचा, पिंपात घोटायचा आणि काचेच्या तक्त्यांवर ओतून वाळवायचा. वाळला की पातळ, पारदर्शक, मऊ पापुद्रा निघतो. तो जायचा इस्पितळात, भाजलेल्या माणसांच्या अंगावर. प्लॅस्टिकसारखा तो कचऱ्यात पिढ्यान् पिढ्या पडून राहत नाही, आणि काढताना कातडीही ओढत नाही. कोमट पाण्याने भिजवा, दहा मिनिटांत बुळबुळीत होऊन आपणहून निघतो. जो माल जाडाभरडा निघेल तो कापड गिरणीला खळीसाठी, नाहीतर कागदवाल्यांना.

मास्तर घोटायचे आणि मास्तरीण सोलायची. सोलणं सोपं नाही हो. नवी बाई आली की नखाने ओढायला जाते आणि टर्रकन फाडते. मास्तरीण कोपऱ्यावर अंगठा ठेवायची, तोंडाने गरम वाफ सोडायची आणि थांबायची. "ओढायचं नाही, विचारायचं," हे मास्तरांनीच शिकवलेलं.

मास्तरांच्या दोन खोडी होत्या, आणि दोन्ही नियमात बसत नव्हत्या. भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं की पिंप दर बॅचनंतर उकळत्या पाण्याने धुवावं. मास्तर धुवायचे, पण त्याआधी ओगराळंभर डिंक बरणीत काढून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्या बॅचमध्ये घालायचे. त्याला ते नुसतं 'जुनं' म्हणायचे. जवसाची प्रत्येक खेप वेगळी, कधी डिंक पाण्यासारखा, कधी गोळेच गोळे. जुनं पडलं की नव्याला बरोबर वळण लागतं, असं त्यांचं म्हणणं. दह्याला विरजण लावतात ना, तसं. आणि दुसरी खोडी म्हणजे तार. डिंक झाला की नाही हे बघायला ते क्षणभर हातमोजा काढायचे, अंगठा आणि तर्जनी पिंपात बुडवायचे आणि बोटं हळूहळू लांब करायचे. मध्ये केसासारखी तार आली आणि तुटली नाही, की डिंक झाला. "रबराला काय कळतंय?" असं वर इतरांनाच ऐकवायचे. म्हणजे बघा, कारखान्यातल्या अकरा वर्षांत एक बॅच अशी नाही की जिच्यात त्या अंगठ्याचा अंश नाही.

पण पिंपाच्या वाफेने त्यांचा चष्मा धुरकट व्हायचा आणि चष्म्याशिवाय त्यांना जवळचं दिसायचं नाही. म्हणून दर वेळी ते हात तसाच वर धरून हाक मारायचे, "तार आली का बघ गं." ती चार पावलांवर सोलायला बसलेली असायची. मान वर करून म्हणायची, "आली," नाहीतर, "नाही अजून, घोटा जरा." मग ते पिंप आचेवरून उतरवायचे. अकरा वर्षं हे असं चाललं.

ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी तिने अबोला धरला होता. कारण ऐकाल तर हसाल. आदल्या दिवशी तिच्या हातून एक पापुद्रा फाटला, आणि मास्तर केमिस्टबाईंच्या देखत ओरडले, "हात आहेत का पाय?" एवढंच. पण चारचौघांत बोलले म्हणून तिला ते झोंबलं. रात्री नाही, सकाळी नाही, बसमध्ये नाही, तिने तोंडातून चकार शब्द काढला नाही. अकराच्या सुमाराला मास्तरांनी नेहमीसारखा हात वर धरला. "तार आली का बघ गं."

तिने ऐकलं. मान वर केली नाही.

"अगं, तार आली का बघ."

बघू देत की स्वतःच, तिने मनात म्हटलं. मग ओगराळं फरशीवर पडल्याचा आवाज झाला. मास्तर पिंपाच्या कडेला टेकून हळूच खाली बसले, ते पुन्हा उठले नाहीत. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले, कोणाला काही करता आलं नसतं. तिला बोलता आलं असतं. हे तिने कोणाला सांगितलं नाही.

आता तो अंगठा कुठून आला, ते तुमच्या लक्षात येईल. पाचव्या दिवशी ती कामावर आली तेव्हा पिंपापाशी केमिस्टबाईंनी यंत्र बसवायला घेतलं होतं, तार बघायला माणूस नको, काटाच सांगणार. थंड कपाटात मागच्या बाजूला बरणी तशीच होती, त्यांच्या हातचं शेवटचं जुनं. ते टाकून द्यायचा तिला धीर झाला नाही. बाई पाठमोऱ्या झाल्यावर तिने ते पिंपात ओतलं, आणि संध्याकाळी पिंप धुवायच्या आधी बरणी पुन्हा भरून ठेवली. दुसऱ्या दिवशी अंगठा आला.

मग तो रोज येऊ लागला. प्रत्येक तक्त्यावर, उजव्या कोपऱ्यात. ती कोपरा कापून टाकायची. कडा नाहीतरी बोटभर कापायच्याच असतात, त्यामुळे कोणाला पत्ता लागला नाही. दोन आठवड्यांनी अंगठ्यासमोर तर्जनीचं टोक उमटलं. दोन बोटं समोरासमोर, मध्ये गव्हाच्या दाण्याएवढी फट, आणि फटीत केसासारखी एक बारीक रेघ.

तिला उमगलं. म्हणजे हे अजून विचारताहेत.

भीती वाटली का? वाटली तर. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं, आणि ते तिला नीट कळत होतं. आपण उत्तर देत नाही तोवर हे विचारत राहणार. विचारत राहणार म्हणजे इथेच राहणार. एक शब्द बोललं की पिंप उतरलं, काम संपलं, मास्तर घरी. कुठलं घर ते देवाला माहीत. त्या दिवसापासून मास्तरीण सोलायच्या खोलीत तोंड उघडेनाशी झाली. केमिस्टबाईंना वाटलं, बिचारी दुःखाने मुकी झाली.

बोटं कोपऱ्यावरून आत सरकत चालली. कात्रीच्या रेषेच्या आत ठसा आला त्या दिवशी तो पापुद्रा रद्दच्या टबात टाकायला हवा होता. टबापर्यंत ती गेलीही. पण स्वतःच्या नवऱ्याचा हात कचऱ्यात कोण टाकतं? तिने तो चांगल्या मालात ठेवला. पुढे किरणांच्या पेटीतून सगळा माल जातो, जंतू मरतात. जंतूंखेरीज जे असतं ते कशाने मरतं, हे काही त्या पेटीवर लिहिलेलं नव्हतं.

तिची नणंद त्याच इस्पितळात भाजलेल्यांच्या वॉर्डात नर्स होती. एकदा जिन्यात भेटली तर म्हणाली, "वहिनी, तुमचा हल्लीचा माल कमाल आहे हं. पेशंट म्हणतात, कोणीतरी हात धरून बसलंय असं वाटतं. गार वाटतं. रडणारी माणसं गप झोपतात." मास्तरीण त्या दिवशी घरी जाऊन आधी हसली आणि मग ढसाढसा रडली. आपला माणूस मेल्यावरही लोकांच्या उपयोगी पडतोय, याचा तिला अभिमान वाटला. इथेच तिची चूक झाली. कारण बोटांमधली फट वाढत होती. तार ताणली जात होती. ज्याला उत्तर मिळत नाही तो माणूस किती वेळ सबुरीने विचारेल?

दहाव्या महिन्यात, भर दुपारी, केमिस्टबाईंच्या टेबलावरचा फोन वाजला. मास्तरीणबाईंसाठी होता.

"वहिनी, तू आत्ताच्या आत्ता ये." नणंदेचा आवाज चिरका झाला होता. "एक बेकरीवाली आहे माझ्याकडे. भट्टीच्या वाफेने मनगटापासून कोपरापर्यंत भाजलीय. तुमचा पापुद्रा लावला, आणि आता निघत नाहीये. कोमट पाणी टाकलं की सुटायचा तो उलट घट्ट बसतोय. खाली काय झालंय दिसत नाही, अंगात ताप चढलाय. मोठे डॉक्टर म्हणतात चार वाजता आत घेऊ आणि कातडीसकट कापून काढू."

"वन्सं, मी येऊन काय करणार?"

"ती झोपेत बोलतेय," नणंद म्हणाली. "दादाचं वाक्य बोलतेय, वहिनी. तार आली का बघ गं, म्हणतेय. मी माझ्या कानांनी ऐकलं. त्या बाईला हे कुठून माहीत?"

मास्तरणीने फोन ठेवला. केमिस्टबाई समोरच उभ्या होत्या, पलीकडचा चिरका आवाज त्यांनाही ऐकू गेला होता. "मावशी, कुठल्या बॅचबद्दल बोलतायत?" मास्तरीण गेली, थंड कपाट उघडलं, पुढचे डबे बाजूला केले आणि बरणी आणून टेबलावर ठेवली. "सगळ्याच," ती म्हणाली. "जेवढा माल बाहेर गेलाय तो थांबवा. मला बोला, काढून टाका, काय वाटेल ते करा. पण हे पिंप मी आल्यावर मीच धुणार." केमिस्टबाईंनी बरणी उजेडात धरली. आतल्या डिंकावर, कोणी हात न लावता, दोन बोटांच्या खोलगट जागा होत्या. त्यांनी बरणी खाली ठेवली आणि आपला हात कोटाला पुसला.

वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर होता. लांबट खोली, हिरवे पडदे, औषधाचा आणि उकळलेल्या चादरींचा वास. बेकरीवाली खिडकीजवळच्या खाटेवर होती. चाळिशीची, दणकट खांद्यांची बाई, तापाने चेहरा लाल. भाजलेला हात उशीवर ठेवला होता. दुसरा हात मात्र हवेत अर्धवट वर उचललेला होता, आणि त्याचा अंगठा आणि तर्जनी हळूहळू जवळ येत होते, लांब होत होते, पुन्हा जवळ येत होते. डोळे मिटलेले. हात उचलायची ती ढब, तो वाकडा कोपर, सगळं मास्तरणीच्या नवऱ्याचं होतं.

"तासाभरापासून असंच चाललंय," नणंद कुजबुजली. तिचे डोळे सुजले होते. घड्याळात साडेतीन वाजले होते.

मास्तरीण खाटेशी बसली. पापुद्रा मनगटापासून कोपरापर्यंत कातडीत मिसळून गेला होता, कड कुठे ते दिसत नव्हतं. मनगटाच्या आतल्या बाजूला मात्र तिरक्या रेघेचा अंगठा स्पष्ट होता, आणि तर्जनी पार कोपराजवळ गेली होती. मधली तार हातभर ताणलेली. तिने ठशावर आपला अंगठा ठेवला. गार होता. इतक्या तापात, बर्फासारखा गार. ती वाकली, तोंडाने गरम वाफ सोडली आणि थांबली, हजारो वेळा केलं तसं. पापुद्रा आकसला. बेकरीवाली कण्हली.

"अहो, सोडा," मास्तरीण हळूच म्हणाली. "परक्या बाईचा हात आहे तो. सोडा बघू."

पकड आणखी घट्ट झाली, बोटांखालची कातडी पांढरी पडली. माणूस जिवंत असताना बायकोचं हुकूम म्हणून काही ऐकत नव्हता, तो आता कुठला ऐकायला!

"तार आली का बघ गं," बेकरीवाली म्हणाली. आवाज तिचाच होता, पण बोलण्यातला तो थकवा, शेवटच्या अक्षरावरचा तो लाडिक हेल, तो तिचा नव्हता.

मास्तरणीने ओठ घट्ट मिटले. सवयच झाली होती. तिच्या मनात आलं, चार वाजू देत. डॉक्टर कापून काढतील, हात अधू झाला तरी बाई जीवानिशी जाणार नाही, वाचेल. बरणीतलं थोडंसं कुठेतरी लपवून ठेवता येईल. खरंच, हे तिच्या मनात आलं, आणि आल्याबरोबर तिला स्वतःची शिसारी आली. समोर एक बाई होती, तिला त्या हाताने पीठ मळायचं होतं. आणि तिकडे एक माणूस दहा महिने हात वर धरून उभा होता. हात दुखत नसेल का त्याचा?

दारात ढकलगाडीची चाकं वाजली. मोठे डॉक्टर आले होते.

"अगं, तार आली का बघ."

"आली," मास्तरीण म्हणाली. पहिल्यांदा ते जेमतेम पुटपुटल्यासारखं झालं. मग ती पुन्हा म्हणाली, सोलायच्या खोलीत म्हणायची तसं, खणखणीत. "आली हो, तार आली. त्या दिवशीसुद्धा आली होती. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं होतं. चांगली लांब, न तुटता आली होती. बोलले नाही मी. रागावले होते तुमच्यावर, काय करू? चुकलं माझं. झालाय डिंक. उतरवा आता पिंप."

बेकरीवालीचा वर उचललेला हात सावकाश खाली आला आणि चादरीवर पडला. तिने लांब श्वास सोडला. मास्तरणीच्या अंगठ्याखाली काहीतरी सैल झालं. मग कोपऱ्याची कड उचलली गेली, सुरकुतली, आणि सगळा पापुद्रा दुधावरच्या सायीसारखा एका बाजूला सरकून तिच्या ओंजळीत आला. खाली जखम होती, लाल, ओलसर, स्वच्छ. डॉक्टर पुढे होऊन वाकले. "मग एवढा आरडाओरडा कशाला?" ते नर्सवर खेकसले. नणंद भिंतीला टेकून तोंडावर हात धरून उभी होती.

मास्तरणीने ओंजळीतला पापुद्रा उजेडाकडे धरला. त्याच्यावर कसलाही ठसा नव्हता.

संध्याकाळी तिने पिंप धुतलं. तीन वेळा, उकळत्या पाण्याने. बरणी शेवटी रिकामी केली आणि डिंक नळाखाली धरला. तो जरा वेळ तिच्या बोटांना चिकटला आणि मग मुकाट निघून गेला. केमिस्टबाईंनी लेखी ताकीद दिली, पण कामावरून काढलं नाही. सोलायला दुसरं कोण होतं? दुसऱ्या दिवशीपासून पापुद्रे निघाले ते कोरे. ती रोज कोपरा उजेडाकडे धरायची, काही नाही हे माहीत असूनही. घरी आणि कारखान्यात आता तिला हवं तेवढं बोलता येत होतं, आणि ऐकायला कोणी नव्हतं.

पाचएक महिन्यांनी एका दुपारी दारात बेकरीवाली उभी. गरम पावांची पिशवी घेऊन आली होती, नणंदेने पत्ता दिलेला. "तुम्हीच ना त्या? मला तर त्या दिवसातलं काही आठवत नाही बाई. पण सिस्टर म्हणाल्या, तुमच्यामुळे हात राहिला." तिने बाही वर केली. नवी कातडी आली होती, गुलाबी, गुळगुळीत. "बघा, किती छान भरलं. फक्त हा एक डाग राहिलाय. डॉक्टर म्हणतात व्रण आहे, जाईल हळूहळू."

मनगटाच्या आतल्या बाजूला अंगठ्याएवढी जागा होती. कातडीवरच्या बारीक वळ्या, आणि मधोमध तिरकी रेघ.

मास्तरणीने ते मनगट हातात घेतलं. भट्टीवर काम करणारी बाई, सगळा हात ऊबदार होता. तेवढीच जागा गार होती.

"गंमत आहे ना?" बेकरीवाली हसून म्हणाली. "भट्टीपुढे उभी राहिले तरी तेवढं गारच लागतं. घाम पुसायला हात कपाळाला लावला की इतकं बरं वाटतं, काय सांगू!"

मास्तरणीच्या डोळ्यांत पाणी तरारलं. वाकून ते मनगट एकदा, एकदाच, आपल्या कपाळाला लावावं असं तिला फार, फार वाटलं. बेकरीवालीने हात मागे घेतला नव्हता. ती तशीच हसत उभी होती. मास्तरणीने अंगठ्याने तो डाग हलकेच पुसल्यासारखं केलं.

"लावत जा हो कपाळाला," ती म्हणाली. "आणि बट मागे सारत जा." मग बाही नीट खाली ओढून तिने तो हात जिचा तिला परत दिला.